वरच्या माळाला पाणी: पिकअप आणि ट्रेलरच्या नोंदी, २०२४

२१ जानेवारी

विहीर खाली, माळ वर. मधे साडेचार किलोमीटरचा रस्ता, एक ओढा आणि शेवटी खडा चढ. गेल्या पावसाळ्यात माळावर केशर आंबा आणि सीताफळ मिळून चारशेच्या आसपास रोपं लावली. तिथल्या बोअरने दिवाळीनंतर मान टाकली. आठवड्याला एका रोपाला दहा-बारा लिटर धरलं तरी चार-पाच हजार लिटर वर चढवावं लागणार, तेही मृगापर्यंत.

आबांचं म्हणणं सरळ आहे. "ट्रॅक्टरचा टँकर सांग की. पाच हजार लिटर एका खेपेत येतंय. हे लचांड कामून करायलास?" चुलत भाऊ म्हणतो, छोटा हत्ती घे आणि मोकळा हो.

नुसत्या पाण्याचा हिशोब केला तर आबा बरोबर आहेत, हे आधीच लिहून ठेवतो. पण उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याच्या मागे फिरावं लागतं आणि तो येईल तेव्हा आपण रिकामे नसतो. पिकअप दारात उभीच आहे. ट्रेलर झाला तर पाण्याचा मोसम सरल्यावर खत, पाइप, रोटाव्हेटर, सगळं त्यावर जाईल. दुसरं इंजिन, दुसरा टॅक्स, दुसरा ड्रायव्हर नको.

गाडी म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, सहा गिअर, फोर बाय फोर. १६३ अश्वशक्ती, आणि इंजिनच्या मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान ३६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. हजार लिटरची टाकी हौद्यातच ठेवा असं सुचवणारे बरेच भेटले. पाच माणसांची ही गाडी, तिच्या हौद्यात टनभर पाणी म्हणजे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट आणि पुढची चाकं हलकी. तो विषय तिथेच संपला.

४ फेब्रुवारी

ओढायची ताकद किती, हाच प्रश्न सगळे विचारतात. ब्रिटनमध्ये याच गाडीला, तिकडे तिला डी-मॅक्स म्हणतात, ब्रेक असलेला ट्रेलर साडेतीन टनांपर्यंत चालतो आणि ब्रेक नसलेला फक्त ७५० किलोंपर्यंत. गाडी तीच, इंजिन तेच, दोन आकड्यांत फरक जवळपास पाचपट, आणि तो सगळा ट्रेलरच्या ब्रेकचा. तिकडचा साडेतीन टनांचा आकडा मी इकडे धरणार नाही. आपल्याकडच्या गाडीचे पाटे वेगळे, रस्ते वेगळे, आणि मला तेवढं ओढायचंही नाही. पण ७५० च्या वर ब्रेकशिवाय जायचं नाही, हे त्यातून पक्कं घेतलं.

आपल्याकडे ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या बिनब्रेकच्या धावतात, उसाच्या तर दोन-दोन. त्या वीस-पंचवीसच्या वेगाने जातात म्हणून निभावतं. पिकअप साठला जाते.

ट्रेलर गावात वेल्डिंग करून घ्यायचा विचार होता तो सोडला. सांगाडा बनवायला आपले मिस्त्री समर्थ आहेत, पण कागद कोण देणार? ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. त्याला मंजुरी लागते, नोंदणी लागते, विमा लागतो. म्हणून प्रकार-मंजुरीचा कागद देणाऱ्या कारखान्यातून नुसता सपाट ट्रेलर मागवला: एक धुरा, रिकामं वजन ४२० किलो, भरल्यावर कमाल १५०० किलो, ओव्हररन ब्रेकसकट, म्हणजे ट्रेलरच्या स्वतःच्या रेट्याने लागणारे ब्रेक. वरची टाकी, बांधणी, गाडीला ट्रेलर जोडायचा आकडा, वायरिंग हे इथे करायचं.

टाकी लोखंडी जाळीतली हजार लिटरची चौकोनी प्लास्टिकची. जाळीसकट साठ किलो. ४२० अधिक १०६० म्हणजे १४८०. वीस किलो शिल्लक. पंप आणि होज पाइप ट्रेलरवर ठेवायचे नाहीत, ते हौद्यात.

१८ फेब्रुवारी

आकड्याचं काम अंबाजोगाईला, लेथवाल्या चाचांकडे. बंपरला काहीही लावायचं नाही, ही पहिली अट. दोन्ही बाजूंना चेसीच्या रेलमध्ये कंपनीचीच जी भोकं आहेत त्यांना १० मि.मी.च्या पट्ट्या, त्यात आडवा चौकोनी पाइप, त्यात ५० मि.मी.चा रिसीव्हर, म्हणजे गोळ्याची दांडी घालायची नळी. चेसीला वेल्डिंग नाही, सगळे बोल्ट १०.९ ग्रेडचे, नायलॉन नटसकट. चाचांना बोल्ट पटत नव्हते. "वेल्डिंग मारतो ना, जनमभर हलणार नाही." हलणार नाही हे खरं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची रेल कमजोर होते आणि तडा जातो तो तिथूनच. त्यांनी मान हलवली आणि बोल्टच लावले, वर टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजमधून स्वतः मागून आणला.

ट्रेलरच्या दांडीचा कप ज्यावर बसतो तो गोळा ५० मि.मी.चा. बाजारात दोन इंची म्हणून मिळतो तो ५०.८ चा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन इंची कप असेल आणि आत ५० चा गोळा, तर खड्ड्यात तो खुळखुळतो आणि जास्तच खराब रस्त्यावर कप वर उचलला जाऊ शकतो. उलट जोडी असेल तर कप नीट बसतच नाही, कुलूप अर्धवट लागतं. व्हर्नियर लावून दोन्ही मोजले, मगच पैसे दिले. तुम्हीही मोजा.

गोळ्याची उंची ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पिकअप मागून उंच असते. सरळ दांडी लावली तर ट्रेलरचं नाक वर आणि शेपूट खाली. मग दांडीला खाली उतरता टप्पा दिला आणि भरलेल्या अवस्थेत ट्रेलर जमिनीला समांतर येईल असं बघितलं. रिकामा असताना नाक किंचित वर राहतं, ते चालतं.

२५ फेब्रुवारी

वायरिंग. सात पिनचा सॉकेट. हा क्रम दरवेळी शोधावा लागतो म्हणून इथेच लिहून ठेवतो: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थिंग, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल.

मागच्या लाइटच्या वायरीत थेट टोचून करंट घ्यायचा नाही. नव्या गाड्यांत बल्बवर कॉम्प्युटर नजर ठेवतो. जास्तीचा भार दिसला की इंडिकेटर भराभर मारायला लागतो किंवा फ्यूज जातो. म्हणून रिले बॉक्स बसवला. गाडीची वायर फक्त इशारा देते, ट्रेलरच्या दिव्यांना करंट बॅटरीतून वेगळ्या फ्यूजवरून जातो. अर्थिंग मात्र गोळ्यावर विसंबून सोडू नका. गोळ्याला ग्रीस असतं, त्यातून अर्थ येतो-जातो आणि ब्रेक दाबला की सगळेच दिवे मिणमिणतात.

ट्रेलरची नोंदणी अंबाजोगाईलाच झाली, एमएच ४४. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे मागे ओढणाऱ्या गाडीचाही नंबर दिसायला हवा, तोही रंगवला.

१२ मार्च

आज खरं काम. टाकी भरून गाडी वजनकाट्यावर नेली.

ट्रेलरच्या दांडीचा जो भार गाडीच्या गोळ्यावर येतो, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पाहिजे. कमी असेल तर ट्रेलरचं मागचं अंग जड होतं आणि वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे मारायला लागतो. जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही ढिले. आबा काट्यावर सोबत होते. त्यांना टक्केवारी सांगायची गरज पडली नाही. "म्हणजे गाडी उलाळ नको, जरा धुरजड पाहिजे. बैलगाडीतबी तेच असतंय." उलाळ म्हणजे मागे जड, धुरजड म्हणजे पुढे जड. अगदी तेच.

मोजायची पद्धत सोपी आहे. आधी नुसती पिकअप काट्यावर. मग ट्रेलर जोडून पिकअपची चारच चाकं काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. काटेवाल्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सगळी गाडी आत घ्या म्हणून ओरडतो.

पिकअप माझ्यासकट २०३०. ट्रेलर जोडून २१००. म्हणजे ७० किलो. एकूण १४८० च्या मानाने पाच टक्केसुद्धा नाही. टाकी साधारण धुऱ्यावरच ठेवली होती, त्यामुळे असं येणारच होतं. सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणूनच तिथे ठेवली होती.

आता गणित. गोळ्यापासून धुरा तीन मीटर. दांडीवर ८० किलो वाढवायचे. ८० गुणिले ३ भागिले १०६० म्हणजे ०.२२६ मीटर. टाकी तेवीस सेंटीमीटर पुढे.

१७ मार्च

टाकी पुढे सरकवली. खाली दोन आडवे चॅनेल, पुढे-मागे अडथळ्याचे अँगल, वरून रॅचेटचे पट्टे. पट्ट्यांवर टाकी अडवायची नाही, टाकी अँगलने अडते. पट्टे फक्त ती वर उडू नये म्हणून.

पुन्हा काटा. पिकअप २१८०, दांडीवर १५०. दहा टक्के झाले.

आज धुरेसुद्धा वेगवेगळे मोजले. नुसत्या पिकअपचा पुढचा धुरा ११५०, मागचा ८८०. ट्रेलर जोडल्यावर पुढचा १०९०, मागचाही १०९०. म्हणजे गोळ्यावर दीडशे किलो ठेवले, पण मागच्या धुऱ्यावर दोनशे दहा वाढले आणि पुढचे साठ उचलले गेले. गोळा मागच्या धुऱ्याच्याही सव्वा मीटर मागे आहे, तरफेचा हा हिशोब चुकत नाही. दीडशे किलोंचा भार आहे म्हणून हौद्यात अजून बिनधास्त माल टाकणारे हे दोनशे दहा विसरतात. पंप, डिझेलचा कॅन, दोन माणसं, सगळं याच धुऱ्यावर येतं. मागच्या टायरची हवा वाढवली, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात भरलेल्या गाडीला जी दिली आहे तेवढी.

३१ मार्च

ओव्हररन ब्रेक. यात गाडीतून वायर नाही, हवा नाही. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, दांडीतली सळई आत सरकते, सळई तरफ दाबते, तरफ केबल ओढते, ड्रममधले लायनर पसरतात. ट्रेलर जितका ढकलेल तितका स्वतःच थांबेल. साठच्या वेगात जोरात ब्रेक मारला तर १४८० किलोंचा बिनब्रेकचा ट्रेलर गाडीला मागून सातशे-साडेसातशे किलोंच्या जोराने रेटतो. ओढ्याच्या उतारावर, मोबाईलच्या लेव्हलने तो सात अंश भरला, काहीही न करता नुसता उभ्या-उभ्या एकशे ऐंशी किलो ढकलत राहतो. तेही नेमकं वळणावर.

सेटिंग: दोन्ही चाकं उचलून, हाताने फिरवून, लायनर घासेपर्यंत आवळायचं आणि मग मोकळं फिरेपर्यंत सोडायचं. दोन्ही बाजू सारख्या. केबल शेवटी. बरेच जण आधी केबल ताणतात, मग लायनर झिजल्यावर ताणायला केबल उरत नाही.

तुटवायर गाडीच्या चेसीला, गोळ्याला नाही. गोळाच सुटला तर त्याला अडकवलेली वायर काय कामाची. ट्रेलर निसटला की ही वायर हँडब्रेक ओढून मग तुटते. साखळ्या दोन, दांडीखालून फुलीसारख्या, म्हणजे दांडी निसटली तरी जमिनीत न रुतता साखळ्यांवर झेलली जाते.

९ एप्रिल, पाडवा

हिने ट्रेलरला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आबा म्हणाले, आता बघू. पहिली खेप.

ओढ्यात उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. सळई आत सरकल्याचा हलका ठोका जाणवला आणि मग मागून काही रेटा नाही. ट्रेलर आहे हे आरशात बघितलं तरच कळत होतं. शेवटच्या चढाला दुसरा गिअर, दोन हजार फेऱ्या, इंजिनने कुरकूर केली नाही. सुट्या मुरमावर मागची चाकं फिरायला लागली तेव्हा फोर एच, म्हणजे चारही चाकांना जोर. डांबरावर आल्यावर लगेच टू एच, फक्त मागच्या दोन चाकांना. कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये वळलं की चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो.

पहिले काही किलोमीटर झाले की उतरून ट्रेलरच्या चाकांच्या हबला (मधल्या भागाला) हात लावायचा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. दोन्ही कोमट होते. चाकांचे नट पुन्हा आवळले, एक थोडा फिरला.

आबांनी माळावर टाकीचा कॉक स्वतः उघडला. काही बोलले नाहीत.

२१ एप्रिल

ऊन बेचाळीसच्या पुढे. तापमानाचा काटा मधोमध, एसी चालू ठेवूनही. ॲव्हरेज भरलेल्या ट्रेलरने आठ-साडेआठ, नुसत्या गाडीचं तेराच्या आसपास. एक अनपेक्षित फायदा असा की बीएस ६ डिझेलच्या धूर-फिल्टरला छोट्या थंड फेऱ्या नकोशा असतात, तो गरम झाल्याशिवाय काजळी जाळत नाही. चढाला ओढताना तो चांगलाच तापतो. गावातल्या गावात फिरताना फिल्टरचा दिवा लागायचा, तो एप्रिलमध्ये लागला नाही.

अर्धी टाकी घेऊन चालायचं नाही, हा आता घरचा नियम. पूर्ण भरलेल्या टाकीतलं पाणी हलत नाही, रिकाम्या टाकीत पाणीच नाही. अर्ध्या टाकीत पाचशे किलो पुढे-मागे, डावी-उजवीकडे धावतात, आणि तुम्ही थांबलात तरी ते एकदा पुढे येऊन धक्का देतात. वळणावर तर जास्तच. लोखंडी टँकरमध्ये आडवे पत्रे घालून पाणी अडवतात, या प्लास्टिकच्या टाकीत ते जमत नाही. म्हणून भरून वर, माळावरच्या मोठ्या टाकीत सगळं ओतून रिकामं खाली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं तेव्हा एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर असायचं. तेव्हा कौतुकाने बघायला गेलो होतो, त्या पाण्याच्या हेलकाव्याचा विचार मनात आला नव्हता.

पुतण्याला रिव्हर्स शिकवणं चालू आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात. दर चार फुटांनी थांबायचं. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेणारा आमचा ट्रॅक्टरवाला हसत होता, मग स्वतः बसला आणि त्याचाही ट्रेलर दोनदा दुमडला. लांब ट्रॉली सावकाश वळते, हा आखूड ट्रेलर झटक्यात वळतो. चढावर मागे घेताना अजून एक गोष्ट. मागे रेटलं की सळई आत जाते आणि ओव्हररन ब्रेकला वाटतं थांबायचंय. आमच्या हबमध्ये उलटं फिरताना ब्रेक आपोआप सोडणारी रचना आहे, तरी पहिला फूटभर तो धरतोच. तिथे क्लच जाळू नका. थोडं पुढे घ्या आणि पुन्हा मागे.

१९ मे

मतदान होईपर्यंत बीडच्या गॅरेजमध्ये माणूस मिळत नव्हता. आज रोटाव्हेटर गिअरबॉक्सच्या कामाला बीडला नेला. रोटाव्हेटर चारशे किलो, ट्रेलरसकट सव्वाआठशे. पाण्याच्या मानाने निम्मा, पण मांजरसुंब्याचा घाट उतरायचा होता.

घाटाच्या डोक्यावर तिसरा गिअर, चाळीसचा वेग, आणि ब्रेकला पाय क्वचित. इंजिन गाडीला धरून ठेवतं हे चांगलंच, पण ओव्हररन ब्रेकची इथे एक खोड आहे. इंजिन गाडीला मागे धरतं, ट्रेलर गाडीला पुढे रेटतो, म्हणून सळई सगळा घाटभर आत दाबलेली राहते आणि ट्रेलरचे ड्रम सगळा घाटभर घासत राहतात. तुम्ही ब्रेक मारत नाही म्हणून ट्रेलरचा ब्रेक थंड आहे असं समजू नका. खाली पालीजवळ थांबून ड्रमजवळ हात नेला, लावायची हिंमत झाली नाही. वीस मिनिटं उभं राहिलो, चहा घेतला. तापलेल्या ड्रमवर पाणी मारायचं नाही आणि हँडब्रेकही ओढून ठेवायचा नाही. चाकं सरकू नयेत म्हणून उटी लावली.

पुढे बायपासला एक ट्रक जवळून गेला तेव्हा ट्रेलर जरासा हलला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, ब्रेकला हात-पाय नाही. दोन हेलकाव्यांत शांत. उलट स्टिअरिंग फिरवून सावरायला गेलं की हेलकावा वाढतो. साठच्या वर मी जात नाही. साठऐवजी ऐंशीला गेलं की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पट होते, आणि केज ते बीड एवढ्याशा अंतरात वेळ वाचून वाचणार किती.

दाजींनी फोनवर विचारलं, देवणीच्या दोन कालवडी उदगीरहून आणायला ट्रेलर देतो का. नाही म्हटलं. कठडे कमरेएवढेसुद्धा नाहीत, तळाला चटई नाही, आणि जनावर उभ्या-उभ्या अंग बदलतं तेव्हा दांडीवरचा भारही बदलतो. त्यासाठी वेगळा ट्रेलर लागतो. दाजी थोडे रुसले.

९ जून

मृग वेळेवर आला. काल रात्री चांगला पाऊस झाला, माळावरची रोपं तरली. जी जळाली ती बहुतेक सीताफळाची, वरच्या टोकाची, जिथे होज पाइप पुरत नव्हता. ट्रेलरचा त्यात दोष नाही.

काळ्या रानातून ट्रेलर आता न्यायचा नाही. चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे भरतो आणि चाक फिरायचंच बंद होतं.

टाकी उतरवली. हब उघडून बेअरिंग धुतले, नवं लिथियम ग्रीस भरलं. डाव्या ड्रममध्ये लायनर उजव्यापेक्षा जास्त झिजलाय, म्हणजे त्या बाजूची केबल थोडी जास्त ताणली गेली होती. दोन्ही पुन्हा सारखे केले. सळईच्या रबरी बूटला तडा आहे, नवा मागवायचा, नाहीतर पावसाळ्यात आत गंज धरेल.

उद्या केजहून सोयाबीनचं बियाणं आणि डीएपी आणायचं. सगळ्या मिळून सोळा बॅगा. जड खत धुऱ्याच्या किंचित पुढे, बियाणं त्यामागे, खाली-वर ताडपत्री. पुतण्याला खडूने तळावर रेघ मारून दिली आहे, कुठली बॅग कुठे ते.